डोळ्याच्या खाली

माझ्या गच्चीवरच्या कुंड्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा बाबा आधी सगळ्या झाडांमधून फिरले. वडापासून उंबरापर्यंत, उंबरापासून चिंचेपर्यंत चालत गेले, वाकून एकेकाच्या बुंध्याला बोट लावून पाहिलं आणि मग म्हणाले, "वाढून राह्यलेल्या झाडाले उपाशी ठेवाचं, अन् त्याले शौक म्हनाचं. शाबास."

मला राग आला. मला तसा लवकरच येतो. मी शाळेत शिकवते, नवऱ्याची नोकरी अकोल्याला, तो शनिवारी येतो आणि सोमवारी पहाटे जातो. मधल्या दिवसांत वाशिमच्या या घरात मी आणि माझे वामनवृक्ष, म्हणजे बोन्साय. मला दुसरा कुठलाही शौक नाही, साड्यांचा नाही, भिशीचा नाही. शेजारीण म्हणते की घरात असली खुजी झाडं ठेवली की घराची बरकत खुंटते. तिचं बोलणं मी या कानानं ऐकून त्या कानानं सोडून देते. पण बाबांचं तसं सोडता येत नव्हतं, कारण झाडातलं त्यांना कळत होतं.

बाबांची मानोरा तालुक्यात, पोहरादेवीच्या रस्त्याला संत्र्याची बाग होती. पावसाळ्यात फुललेल्या मृग बहाराची शेवटची, उशिरा पिकलेली संत्री आम्ही रामनवमीच्या यात्रेत विकायचो. पाटीवर ओला टॉवेल टाकून मी बसायची आणि बाबा गर्दीतून ओरडून सांगायचे, एखादं फोडून दाखव, चाखून पाहू दे. त्या बागेतलं प्रत्येक झाड विहिरीजवळच्या एका जुन्या झाडापासून झालेलं होतं. ते झाड दिसायला काही खास नव्हतं, थोडं कलतं होतं, पण त्याच्या फळाला जी गोडी होती ती मी पुन्हा कुठल्याच संत्र्यात चाखली नाही. हे मी माहेरचं कौतुक म्हणून सांगत नाही. माहेरच्या बाकी गोष्टींबद्दल मी बरीच वाईट बोलू शकते.

संत्र्याचं झाड बियांपासून लावत नाहीत, हे आमच्याकडच्या पोरांनाही माहीत असतं. आधी जंबेरीचं रोप करायचं. जंबेरी म्हणजे एक रानटी, आंबट, काटेरी लिंबू. मुळं दणकट, पण फळ तोंडात धरवत नाही. ते रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की जमिनीपासून वीतभर उंचीवर त्याच्या सालीला चीर द्यायची आणि चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा एक कोंब सालीसकट काढून त्या चिरेत बसवायचा. या कोंबाला डोळा म्हणतात. डोळा बांधला, तो फुटला, की वरची जंबेरी कापून टाकायची. मग डोळ्याच्या वर संत्रं आणि डोळ्याच्या खाली जंबेरी, असं ते झाड जन्मभर राहतं. खालून जंबेरी सारखी फुटायला बघते. ते फुटवे खुडणं हे आम्हा भावंडांचं काम होतं. बाबांचा एकच धडा होता आणि तो आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ झाला होता. डोळ्याच्या वर छाटायचं, डोळ्याच्या खाली खुडायचं. त्यात उलटसुलट केलं की पाठीत धपाटा.

मग बागेला डिंक्या लागला. बुंध्यांतून डिंक वाहायला लागला, पानं पिवळी पडली, विहिरीनं तळ दाखवला. भावानं दोनचार वर्षं औषधं ओतली आणि शेवटी जेसीबी बोलावला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. वाळलेल्या झाडांवर त्याची पोरं शिकणार नव्हती. विहिरीजवळचं झाडही गेलं. त्या जागी सोयाबीन आलं आणि बाबा माझ्याकडे आले. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. भावजय वाईट नव्हती, भाऊही नव्हता. बाबांनीच सांगितलं की त्यांना सोयाबीनकडे तोंड करून जेवता येत नाही.

लेकीच्या घरी राहणं त्यांना जड जात होतं. रोज सकाळी चहा पिताना ते विचारायचे, "आता किती दिवस?" जसं काही मीच त्यांना अडकवून ठेवलं होतं. येताना त्यांनी कपड्यांची पिशवी आणि एक काळी प्लास्टिकची पिशवी आणली होती. काळ्या पिशवीत रोप होतं. विहिरीजवळचं झाड पाडायच्या आदल्या वर्षी त्यांनी त्याच्यावरचा डोळा काढून जंबेरीवर बांधला होता, बागेतली तूट भरून काढायला. तूट भरायला बागच राहिली नाही. त्या वाणाचं तेवढं एकच रोप आता या जगात होतं आणि ते माझ्या न्हाणीघराजवळ उभं होतं.

माझ्या घराला अंगण नाही. संत्र्याचं पूर्ण वाढीचं झाड लावायला जागा नाही. म्हणजे ते कुंडीतच ठेवावं लागणार होतं, आणि कुंडीतच ठेवायचं तर लहान ठेवावं लागणार होतं. बाबांनी नावं ठेवलेल्या माझ्या शौकाचीच त्यांना गरज पडली. मला थोडा आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

मी त्यांना माझ्या नेहमीच्या नर्सरीत घेऊन गेले. नर्सरीवाला गावाच्या टोकाला बसतो, बोलका माणूस, गिऱ्हाईक झाडासाठी येतं आणि भाषण ऐकून जातं. त्यानं बाबांना समजावलं की वामनवृक्ष करायचे दोन रस्ते. एक, जातीनंच बुटकं असलेलं झाड घ्यायचं. त्याची पानं लहान, फुलं लहान, फळंही लहान. फार कापाकापी करावी लागत नाही, पहिल्या दिवसापासून ते शोभून दिसतं. दुसरा, मोठ्या वाढीच्या जातीचं झाड घ्यायचं आणि छाटून छाटून त्याला लहान ठेवायचं. मी कायम दुसऱ्या रस्त्यानं गेले आहे. बुटक्या जातीचं खोड वर्षानुवर्षं काडीच राहतं आणि त्याला झालेली जखम भरता भरत नाही. मोठ्या जातीला जोर असतो. कापलं की फुटतं, जखमेवर साल चढते, खोड जाडजूड होतं. पण फळझाडाची गोष्ट वेगळी, नर्सरीवाला म्हणाला. छाटणीनं पान लहान होतं, फळ होत नाही. हातभर झाडाला लागणार ते आपल्या नेहमीच्या आकाराचंच संत्रं. फांदी मोडेल, आणि दिसायलाही ते बरं दिसत नाही.

मग त्यानं आम्हाला चायना संत्रं दाखवलं. टोपलीएवढ्या झाडाला बोरांएवढी केशरी फळं लगडली होती. फार देखणं होतं. बाबांनी न विचारता एक तोडून तोंडात टाकलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे पाहिलं.

"रंग संत्र्याचा अन् आंग लिंबाचं," ते म्हणाले.

नर्सरीवाल्यानं मग सरळच सांगितलं की तुमच्या रोपाला कुंडीत फळ धरायला काही वर्षं जातील, हे तर आजच लागलेलं आहे. वयाचा हिशोब तो तोंडानं बोलला नाही, पण तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना कळला. बाबा म्हणाले, "मले कुटं जाचं हाय?" आणि स्कूटीकडे चालायला लागले. परत येताना मागच्या सीटवरून ते सांगत होते की एक फळ आलं तरी चालेल, मोडू दे फांदी, पण विहिरीजवळचं चाखायला मिळालं पाहिजे. मलाही तेच पाहिजे होतं. किती पाहिजे होतं हे मला त्या दिवशी स्कूटीवर कळलं.

आम्ही रोप कुंडीत लावलं. माती त्यांनी स्वतः मिसळली, माझ्या मातीत जीव नाही म्हणाले. त्यांना काम मिळालं आणि "आता किती दिवस" हा प्रश्न बंद झाला. मी शाळेतून आले की ते गच्चीवरच असायचे. माझ्या वडाचिंचेलाही त्यांनी हळूहळू आपलं म्हटलं. मी काय करते, का करते ते विचारायचे, आणि ज्यांनी मला कात्री धरायला शिकवलं त्यांना शिकवताना मला शरमल्यासारखं व्हायचं. एकदा वडाचं खोड दाखवून मी सांगितलं की एवढं जाड खोड हवं असेल तर धाडस करून अगदी खाली कापावं लागतं, मातीपासून दोन बोटांवर. मग खालून जोमानं फूट येते. त्यांनी मान हलवली, जखमेच्या वळावर अंगठा फिरवला.

तोवर काही गोष्टी घडायला लागल्या होत्या, पण मी त्यांना वयाच्या खात्यावर टाकत होते. मोटर बंद केली का, असं ते रात्रीच्या जेवणात विचारायचे. इथं मोटर नाही बाबा, नळ आहे, म्हटलं की हो हो म्हणायचे. दूध तापवायला ठेवून विसरायचे. मीही विसरते. माझ्या शाळेत तर निम्मे लोक चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधतात.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधीची गोष्ट. पेपर तपासून दुपारी उशिरा घरी आले तर बाबा गच्चीवर सावलीत बसले होते, शेजारी माझी मोठी कात्री. चेहऱ्यावर चांगलं काम झाल्याचं समाधान. कुंडीत मातीच्या वर दोन बोटं खुंट उरला होता. काप तिरपा, गुळगुळीत, पाणी साचणार नाही असा, आणि त्यावर मोरचूद-चुन्याची पेस्ट सफाईनं लावलेली. इतका सुंदर काप मला अजून जमत नाही. सगळं बरोबर होतं, फक्त जागा चुकली होती. डोळा वीतभर उंचीवर होता आणि त्यांनी त्याच्या खाली कापलं होतं. वरचं कापलेलं संत्र्याचं झाड कठड्यावर उन्हात पडलं होतं, पानं वळून कडक झालेली.

मला पहिल्यांदा वाटलं की ते चेष्टा करताहेत, हे दुसरंच कुठलं झाड आहे. मग मी विचारलं, "बाबा, डोळा कुटं होता याचा?"

त्यांनी वर पाहिलं. "कोनाचा डोळा?" ते म्हणाले. मग काळजीनं माझ्याच डोळ्यांकडे बघत राहिले. मला काही लागलं की काय, असं त्यांना वाटलं होतं.

ज्या माणसानं आयुष्यभर डोळे बांधले त्याच्याकडून तो शब्दच निघून गेला होता. मी जिना उतरून खाली आले आणि स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. रडले नाही. भीती वाटली, नुसती भीती, लहानपणी यात्रेत हात सुटला होता तेव्हा वाटली होती तशी.

मग धावाधाव केली. वाळकी फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून नर्सरीवाल्याकडे नेली. त्यानं बोलणं बाजूला ठेवलं, हे त्याचे उपकार. फांदीवर जे काही डोळे जिवंत वाटत होते ते काढून त्यानं आपल्याकडच्या जंबेरीच्या रोपांवर बांधले. कोणी कापलं, त्यानं विचारलं. हात चुकला, मी म्हणाले. कोणाचा ते मी सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही. भावाला फोन केला की बांधावर, नाल्याच्या कडेला, कुठंतरी एखादं झाड, एखादा फुटवा राहिला असेल तर बघ. तो बिचारा भर उन्हात शेतभर फिरला. संध्याकाळी त्याचा फोन आला की काहीच नाही. मग त्यानं विचारलं की झालं काय, आणि मी त्याला सांगितलं, झाडाचंही आणि बाबांचंही.

बांधलेले डोळे एकेक करून काळे पडले. शेवटचा काळा पडला तेव्हा नर्सरीवाल्यानं मला पुन्हा चायना संत्रं न्यायचा सल्ला दिला. कुंडीत लावून टाका, त्यांना आता काय कळतंय, म्हणाला. भल्यासाठीच म्हणाला. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि त्याला मी नको ते बोलले. नंतर जाऊन माफी मागितली. संत्रं मात्र आणलं नाही.

अकोल्याच्या डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, गोळ्या दिल्या आणि समजुतीच्या सुरात सांगितलं की गेलेलं परत येत नाही, राहिलेलं जपायचं. मला वाटलं, हे सांगायला एवढं शिकावं लागतं का. पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

इकडे कुंडीतला खुंट फुटला. फुटणारच, जंबेरी ती. तिला डोळ्याखाली खुडायला कोणी उरलं नव्हतं. बाबांना इतका आनंद झाला की ते मला हाताला धरून गच्चीवर घेऊन गेले. पाह्य, म्हणाले, कसा जोर हाय. यंदा नाही तर पुढच्या साली फळ धरते. मी म्हटलं, हो बाबा. खरं सांगून काय मिळणार होतं? त्यांना पुन्हा एकदा बाग गमवायला लावायची, आणि ती त्यांच्याच हातानं गेली म्हणून सांगायचं? मी मूग गिळून बसले. रोज बसले. ते त्या जंबेरीला पाणी घालायचे, तिच्या मुळाशी निंबोळीची पेंड टाकायचे, तिचे काटे हाताला लागले की हसायचे. मी तिला कात्री लावलीच नाही. माझ्या गच्चीवरचं तेवढं एकच झाड मोकळं वाढत होतं. मोठ्या कुंडीत हलवलं, मग आणखी मोठ्या. शेजारीण एकदा म्हणाली की बाई, हे बरं केलंत, एक तरी वाढू दिलंत.

बाबांचं मात्र उलटं चाललं होतं. आधी माझ्या नवऱ्याचं नाव गेलं, मग भावाच्या पोरांची, मग घराचा रस्ता. मग एक दिवस त्यांनी मला आईच्या नावानं हाक मारली, आणि मी ओ दिली. त्यानंतर मी कधी आई असायची, कधी यात्रेत भेटलेली कोणी बाई, कधी दवाखान्यातली नर्स. पोरगी क्वचितच. त्याची सवय होते असं लोक म्हणतात. मला झाली नाही. दर वेळी तेवढंच लागतं.

गेल्या होळीच्या सुमारास, संध्याकाळी, मी त्यांना धरून गच्चीवर नेलं. दिवसभर ते कोणाशी बोलले नव्हते. जंबेरीला नवी पालवी आली होती, शेंड्याला जांभळट झाक होती. ते तिच्यासमोर खुर्चीवर बसले. बसल्या बसल्या हात वर गेला, एक पान तोडलं, दोन बोटांत चुरगळलं आणि नाकाशी नेलं. मी पाण्याचा डबा भरत होते.

"हे जंबेरी हाय," ते म्हणाले.

आवाज जुना होता, बागेतला. मी डबा खाली ठेवला. ते खुर्चीवरून वाकले आणि खोडावरून अंगठा फिरवायला लागले, वरून खाली, अगदी बुंध्यापर्यंत, जिथं जुन्या कापावर आता साल चढली होती. तिथं अंगठा थांबला.

"डोळ्याच्या खाली कापलं," ते म्हणाले. त्यांचा आवाज रागानं चढला होता. "कोन्या येड्यानं कापलं हे?"

तो शब्द परत आला होता. इतक्या दिवसांनी आला होता आणि यासाठी आला होता.

"मी कापलं, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ओळख नव्हती. एका अनोळखी बाईनं चांगल्या झाडाचा सत्यानाश केला होता आणि ती समोर उभी होती.

"काहून वं बाई," ते म्हणाले, "तुया बापानं तुले एवढंही शिकवलं नाई?"

"शिकवलं होतं," मी म्हणाले. "लय चांगलं शिकवलं होतं. मीच इसरली."

राग हळूहळू उतरला. मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, दुसऱ्याच्या लेकीवर ठेवावा तसा, जपून.

"होते असं," ते म्हणाले. "मानूस इसरते." आणि त्यांनी पाण्याचा डबा मागितला. मी तो उचलून दिला, आणि त्यांनी जंबेरीला पाणी घातलं.